गालिच्यामागची भिंत

कोलशेतला माझ्या नातवानं नवीन घर घेतलं. चौदावा मजला, खिडकीत खाडी. नातसून मीरा हौशी आहे. तिनं बाहेरच्या खोलीच्या भिंतीला एक गालिचा टांगलाय, तांबडा-निळा, वर पितळेची दांडी. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "त्याच्यामागे काय आहे गं?" ती म्हणाली, "काही नाही आजी, भिंत." "मग लावला कशाला?" "असाच. भिंत मोकळी मोकळी दिसत होती." सगळे हसले. आजीचं आपलं काहीतरी! दुपारी घर रिकामं झाल्यावर मी काठी टेकत गेले आणि गालिच्याचा कोपरा उचलून पाहिला. खरंच नुसती भिंत होती, गुळगुळीत, कुठे एक ओरखडा नाही. मला रडू आलं. म्हातारपणी रडायला कारण लागत नाही असं लोक धरून चालतात, त्यामुळे एक सोय होते, कुणी खोदून विचारत नाही. पण मला कारण होतं. ते आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या मुलांनासुद्धा नाही.

आमचं डोंबिवलीचं घर स्टेशनपासून भातखाचरांच्या बांधावरून पंधरा मिनिटांवर होतं. दोन खोल्या, पुढे पडवी, वर मंगलोरी कौलं. भिंतींना आतून मातीचा गिलावा आणि त्यावर चुन्याची सफेती. वीज नव्हती. सामाईक विहीर होती आणि तिचा रहाट तेलपाण्याअभावी इतका कण्हायचा की पाणी कोण ओढतंय हे आम्ही आवाजावरून ओळखत असू. आईच्या हाताखाली तो सावकाश, एका लयीत वाजायचा. अण्णा, म्हणजे माझे वडील, ओढायला लागले की दोन आचके आणि मध्ये एक शिवी. शिवी देवाला असायची की रहाटाला ते कधी कळलं नाही. अण्णा मुंबईच्या एका कचेरीत कारकून होते. दिवेलागणीला बांधावरून परतताना त्यांच्या छत्रीचं टोक दगडावर ठक ठक वाजायचं, आणि ते ऐकू आलं की आई भाताखालचा जाळ ओढून घ्यायची.

घरमालकीण हिराबाय. तिच्या सासरची पूर्वी भातशेती आणि खाडीकडे मिठागर. आमच्यासारखी कोकणातून आलेली बिऱ्हाडं डोंबिवलीत घरं शोधायला लागली, तेव्हा तिच्या नवऱ्यानं शेताच्या कडेला चार बिऱ्हाडांची ही ओळ बांधून काढली. हिराबाय नाकात मोठी नथनी घालायची, मोठ्यानं बोलायची आणि मोठ्यानं हसायची. आमच्या बाहेरच्या खोलीच्या भिंतीला गालिचा लागलेला तिनं पहिल्यांदा पाहिला तेव्हा कमरेवर हात ठेवून ती म्हणाली होती, "काय गो वैनी, भितीला हिव वाजतंय का?" आई नुसती हसली. पाहुण्यांचंही तेच. कुणी म्हणे, आता आम्ही बसायचं कुठे, भिंतीवर? कुणी म्हणे, नाकापेक्षा मोती जड. खोटं नव्हतं. घरात दोन पाट, एक डुगडुगती खुर्ची आणि कळकटलेली सतरंजी, आणि भिंतीला मात्र जाड लोकरीचा, तांबड्याकाळ्या नक्षीचा, पुरुषभर लांबीचा गालिचा. मला तो फार आवडायचा. त्यात उंटांची एक ओळ होती आणि सगळ्यात शेवटच्या उंटाला तीनच पाय होते. विणणारी कंटाळली असणार. मैत्रिणींना मी तो उंट मुद्दाम दाखवायची. आमच्याकडे शोभेची म्हणावी अशी तेवढी एकच वस्तू होती, आणि ती आईनं हौसेनं लावली आहे अशी माझी समजूत होती.

तो मी पहिल्यांदा पाहिला ते ठाण्याहून परत आले तेव्हा. त्याआधीचं वर्षभर मी ठाण्याला मामाकडे होते. आठ वर्षांची असताना एका सकाळी अण्णांनी माझे दोन परकर आणि पाटी पिशवीत घातली आणि मला मामाकडे पोचवलं. का, ते सांगितलं नाही. त्या काळी मुलांना सांगण्याची पद्धत नव्हती. मुलांनी दाराआडून ऐकायचं आणि त्यातून काय कळेल ते आपलं. मी एवढंच ऐकलं होतं की दिनूदादाचा ताप उतरत नाही. दिनूदादा माझा मोठा भाऊ, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. मॅट्रिक होऊन तो कल्याणला एका लाकडाच्या वखारीत हिशेब लिहायला लागला होता. मला तो खांद्यावर बसवून विहिरीत डोकावू द्यायचा, आणि आईनं पाहिलं की मलाच म्हणायचा, "किती गं हट्ट करतेस!" मधली दोन भावंडं जन्मताच गेली होती, म्हणून आम्ही दोघंच. त्याला क्षय झाला होता. तो शब्द घरात कुणी उच्चारत नसे. हिराबायच्या नवऱ्याला कळलं असतं तर त्यानं घर खाली करायला सांगितलं असतं, अशी अण्णांना भीती. हिराबायला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. तिनं नवऱ्याला पत्ता लागू दिला नाही, हे आम्हाला पुढे फार उशिरा समजलं.

मी परत आले तेव्हा दादा नव्हता. नुसता तो नव्हता असं नाही, त्याचं काहीच नव्हतं. अंथरूण, कपडे, वह्या, डोक्याची टोपी, त्याचं जेवायचं ताट, सगळं गेलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्याच्या वापरातली प्रत्येक वस्तू जाळा, भिंतींना चुना द्या, घरात लहान मुलगी आहे. अण्णांनी ते अक्षरशः पाळलं. शेताच्या बांधावर त्यांनी स्वतः सगळं पेटवलं, आणि ते विझेपर्यंत तिथे उभे राहिले. हेही मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त दिसलं की खुंटीवर त्याचा सदरा नाही आणि आतली खोली पांढरीशुभ्र झाली आहे. मी विचारलं, "दादा कुठाय?" आईनं मला जवळ घेतलं आणि अण्णा पडवीत निघून गेले. त्यानंतर आमच्या घरात त्याचं नाव कुणी काढलं नाही. चार वर्षं! अण्णांना ते सहन होत नसे म्हणून आई काढत नसे, आणि आईला त्रास होईल म्हणून अण्णा. आणि दोघांच्या तोंडाकडे बघून मी. आई पूर्वी रविवारी दडपे पोहे करायची, ओलं खोबरं, कांदा, वरून लिंबू. ते दादाचे आवडीचे. तेही बंद झाले. दर पंधरवड्याला ती जास्वंदीची फुलं आणि माका घालून खोबरेल कढवायची, त्याचा वास पार विहिरीपर्यंत जायचा. तेही बंद. दादाचा एकही फोटो नव्हता. काढू, काढू म्हणता राहून गेला. आणि मला हे लिहायला अजून लाज वाटते, पण मी दहा-अकरा वर्षांची होईपर्यंत त्याचा चेहरा विसरले. अंथरुणात डोळे मिटून मी आठवायला बघायची, तर खांदा आठवायचा, विहिरीतलं काळं पाणी आठवायचं, चेहरा नाही. हे आईला कळलं तर काय होईल, या भीतीनं मी कानकोंडी व्हायची.

दिवाळीच्या आधी दरवर्षी घराला चुना लागायचा. ती अण्णांची शिस्त, त्यात सूट नाही. हिराबायकडून चुनकळी यायची, ती फुटक्या पिंपात भिजत घातली की पाण्याला उकळ्या फुटायच्या, वाफा यायच्या, आणि मी जवळ गेले की अण्णा ओरडायचे. रविवारी ते स्वतः धोतर खोचून आतली खोली रंगवायचे. बाहेरच्या खोलीतल्या तीन भिंतीही तेच करायचे. गालिच्याची भिंत तेवढी आई करायची. "ही मी करते," म्हणायची, आणि मला काहीतरी काम काढून हिराबायकडे पिटाळायची. परत यावं तर भिंत झालेली असे आणि गालिचा पुन्हा जागच्या जागी. एवढा जड गालिचा ती एकटी कशी काढते नि लावते, असं माझ्या मनात एकदा येऊन गेलं. पण मुलांच्या मनात येतं आणि जातं. आणखी एक होतं. संध्याकाळी देवापाशी दिवा लावून झाला की आई बाहेरच्या खोलीत यायची आणि गालिच्याची खालची कड जरा उचलून हात आत घालायची. "काय करतेस?" म्हटलं की "कोळिष्टकं बघतेय." आमच्या घरात कोळ्यांची एवढी दहशत का, असंही मला वाटायचं.

मी तेरा वर्षांची असताना दिवाळीच्या तोंडावर मामीचे दिवस भरले आणि आई आठ दिवस ठाण्याला गेली. अण्णांना कचेरीत वर्षअखेरीच्या कामासारखं काहीतरी निघालं होतं, ते रविवारीही जायला लागले. आतली खोली त्यांनी कशीबशी उरकली, बाहेरची तशीच राहिली. मला सुट्टी लागलेली. घरात मी एकटी, कुळथाचं पिठलं आणि भात करून स्वतःला गृहिणी समजणारी. मी ठरवलं, आई येईल तेव्हा बाहेरची खोली लखलखीत झालेली असली पाहिजे. एक भिंतसुद्धा तिच्यासाठी ठेवायची नाही. ती दमून येईल, दारातून आत पाऊल टाकेल आणि हसेल. आई तेव्हा फार कमी हसायची. ते हसू मला पाहिजे होतं. दुसरं काही नाही.

मी चुनकळी आणि कुंचा मागायला गेले तेव्हा हिराबाय चुलीवर तांदळाची भाकरी थापत होती. "कुनी सांगलाय तुला?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "कुणी नाही. आईला गंमत." तिनं पिंपातला भिजलेला चुना काढून दिला, वर निळीची पुडी दिली, आणि मग पाठमोरी झालेल्या मला हाक मारली. "पोरी, ते भितीला हात लावू नको हां. ती तुजी आयच करतं दरसाल. आय येउंदे." मी हो म्हटलं. मनात म्हटलं, हिला काय कळतंय, तेवढ्यासाठी तर सगळं चाललंय. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मी शहाणी नव्हते, तेरा वर्षांची होते.

गालिचा काढायला मला खुर्चीवर चढावं लागलं. तो वरच्या चार खिळ्यांना अडकवलेला होता आणि निघाला तो एकदम, मला घेऊनच खाली आला. धुळीनं शिंका येत होत्या, मी हसत होते. मग वर पाहिलं. भिंत पांढरी होती, पण मध्यावर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला, एक भलामोठा डाग होता. पिवळट तपकिरी, ताटलीएवढा, मध्ये काळपट आणि कडेला फिकट होत गेलेला. त्याच्या भोवतीनं चुना कुणीतरी अगदी जपून, गोल फिरवून मारला होता. मला वाटलं, अगंबाई! म्हणजे एवढ्यासाठी आईनं गालिचा लावला. डाग जात नाही, लोकांना दिसतो, म्हणून झाकला. बिचारी आई. आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू. तिला चार वर्षं जे जमलं नाही ते आपण करून दाखवायचं.

मी चुन्याचा पहिला हात दिला. वाळेपर्यंत डाग वर आला. दुसरा दिला, पुन्हा आला. तेल चुन्याला दाद देत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तिसऱ्यांदा वर आल्यावर मला त्या डागाचा राग आला. मी धुण्याचा सोडा आणला, राख आणली, काथ्यानं घासला. गिलावा निघायला लागला पण पिवळेपणा आतपर्यंत मुरलेला. मग मी स्वयंपाकघरातून उलथनं आणलं आणि खरवडायला बसले. जेवणखाण विसरून खरवडत होते. खाली मातीचा ढीग साचला. त्या मातीला एक ओळखीचा वास येत होता, जास्वंदीचा आणि खवट खोबरेलाचा, आणि एकदा माझा हात थांबलासुद्धा. पण हा वास कुठला, ते काही आठवेना, आणि पुन्हा उलथनं चालू. खड्डा पडला तो ओल्या मातीनं लिंपला, वरून चुन्याचे तीन हात दिले. खरवडलेली माती सुपात भरून नेऊन उकिरड्यावर टाकली. गालिचा कपडे वाळत घालायच्या दांडीवर टाकून काठीनं झोडपला. माझी बोटं चुन्यानं खाल्ली होती, नखांशी रक्त आलं होतं, आणि मी पडवीत बसून आईची वाट बघत गाणं म्हणत होते.

आई उन्हं कलल्यावर आली, बोचकं काखेत, मामीला मुलगा झाल्याचे पेढे पदरात. मी तिला दारातच धरलं, डोळे मिटायला लावले आणि हाताला धरून आत नेलं. "उघड आता." तिनं डोळे उघडले. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, त्यामुळे मी ते पाहिलं. तिला आधी काही समजलंच नाही. मग ती भिंतीकडे गेली आणि वाकून हात तिथे, बरोबर तिथे ठेवला, आणि मग थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे, अंधारात काडेपेटी चाचपावी तसा. मग काखेतल्या बोचक्यासकट खाली बसली.

"कुणी केलं?"

"मी. एकटीनं!"

तिनं बोचकं बाजूला ठेवलं. बाहेर रहाट कुरकुरत होता. मग म्हणाली, "छान केलंस हो." आणि हसली. मला जे हसू पाहिजे होतं ते मला मिळालं. आज इतक्या वर्षांनी मला तिचं रडणं एकदाही आठवत नाही, ते हसू मात्र आठवतं, आणि आठवलं की वाटतं, त्यापेक्षा तिनं मला झोडपायला हवं होतं, गालिचा झोडपला त्याच काठीनं.

तेवढ्यात तिचं लक्ष माझ्या बोटांकडे गेलं. "अगं, हे काय करून घेतलंस?" ती उठली, आत गेली, आणि फडताळाच्या मागून एक हिरवी बाटली घेऊन आली. ती बाटली मी पूर्वी पाहिली होती, दादा होता तेव्हा. तळाशी चार बोटं तेल होतं, तांबूस, खवटलेलं. आईनं ते माझ्या एकेका बोटाला लावलं, नखांच्या कडांना, दोन बोटांच्या बेचक्यात, घाई न करता. मी हुळहुळून हात मागे घ्यायची आणि ती धरून ठेवायची. त्या तेलाला भिंतीतल्या मातीचा वास येत होता. मला तो आता ओळखू यायला हवा होता. पण मी अजूनही शाबासकीतच होते.

दिवेलागणीला ठक ठक आवाज आला. अण्णा पडवीत चपला काढतायत तोच मी कंदील उचलून भिंतीपाशी उभी राहिले. "अण्णा, बघा! सगळी खोली मी केली. इथे एक तेलकट डाग होता, कितीही चुना द्या, वर येतच होता मेला. मग मी उलथन्यानं खरवडून काढला." अण्णा छत्री धरून उभेच राहिले. त्यांनी आईकडे पाहिलं नाही, आईनंही वर पाहिलं नाही. दादाचं सगळं जाळणारा माणूस तो, दरवर्षी चुना लावून घेणारा. त्यांना डाग ठाऊक असेल हे माझ्या काय, आईच्याही स्वप्नात नव्हतं.

"गेला?" त्यांनी विचारलं.

"पार गेला!"

अण्णा पुढे आले आणि ओल्या चुन्यावर पंजा टेकवून उभे राहिले. हात काढला तेव्हा तो पांढरा झालेला होता. तो त्यांनी पुसला नाही. मग माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "कुंदे, दिनू तिथं डोकं टेकून बसायचा. त्याला आडवं होता यायचं नाही." आणि विहिरीवर निघून गेले. रहाट वाजला नाही. ते नुसते तिथे उभे होते.

मग मला कळलं, आणि एकदम सगळंच कळलं. त्याला चुलीचा धूर नको म्हणून बाहेरच्या खोलीत बसवत. ताप डोक्यात चढायचा, आग व्हायची, म्हणून आई दिवसातून दोन-तीनदा त्याच्या टाळूवर ते कढवलेलं तेल थापायची. दहा महिने तो त्या भिंतीला डोकं टेकून बसला. नंतर त्याचं सगळं जळलं, आणि हा एवढा डाग राहिला, तो कुणाला जाळता येईना. अण्णा चुना घेऊन उभे राहिले तेव्हा आई म्हणाली, ही भिंत मी करते. त्याच आठवड्यात फाळणीत आलेली, कल्याणच्या छावणीतली एक निर्वासित बाई दारोदार सामान विकत आमच्याकडे आली होती. तिच्या खांद्यावर हा गालिचा. आईला हिंदी येत नव्हती. ती बाई भिंतीवर थाप मारून सांगायला लागली, दीवार पे, दीवार पे, म्हणजे त्यांच्या घरी तो भिंतीला असायचा. आईनं आतून तांब्याचा हंडा आणला, आपल्या आईनं दिलेला, आणि तिच्या हातात ठेवला. हे सारं त्या संध्याकाळी आईनं मला सांगितलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवत, कारण मी तोपर्यंत ओक्साबोक्शी रडत होते. मी धावत उकिरड्यावर गेले होते. हिराबायच्या कोंबड्यांनी ती माती तोवर चहूकडे उकरून टाकली होती.

गालिचा पुन्हा भिंतीला लागला नाही. आईनं तो दांडीवरून आणला आणि खाली अंथरला. "बस की त्याच्यावर," म्हणाली, "मऊ आहे." त्या दिवाळीला पाहुणे त्यावर बसून चकल्या खाऊन गेले. हिराबाय आली, दारातून तिनं भिंत पाहिली, जमिनीवरचा गालिचा पाहिला, मग मला पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलली. "मी सांगलाता गो तुला," एवढंच.

मी त्यावर बसत असे, पण एकाच जागी. दिवाळी संपल्यावर मी हिरवी बाटली फडताळाच्या मागून काढली. रोज शाळेतून आले की ते तेल डोक्याला थापायची, अभ्यासाचं पुस्तक घ्यायची आणि त्या भिंतीला डोकं टेकून बसायची. बाटली संपली तेव्हा साधं खोबरेल. शाळेत पोरी नाक दाबायच्या, मागच्या बाकावरच्या एकीनं बाईंकडे तक्रार केली, बाईंनी आईला चिठ्ठी पाठवली, ती मी फाडून टाकली. मी फक्त बसत होते. पावसाळ्यात भिंत ओल धरायची, पाठीला गार लागायची, तरी बसत होते. हळूहळू तिथे पिवळं दिसायला लागलं. आधी रुपयाएवढं, मग बशीएवढं. आईनं एका शब्दानं विचारलं नाही. मला वाटलं, तिला कळलं नाही. कसं कळणार नाही? पण मूल असंच समजून चालतं.

वर्ष फिरलं. अण्णांनी पुन्हा पिंपात चुना भिजवला. ते कुंचा घेऊन बाहेरच्या खोलीत आले तशी मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले आणि म्हटलं, "ही मी करते." अण्णा थबकले. आई आतून हात पुसत आली. तिनं मला खांद्याला धरून बाजूला केलं आणि खाली वाकून माझा डाग पाहिला. वर्षभराची माझी मेहनत. मी म्हटलं, "आई, आला ना परत?"

ती डागासमोर गालिच्यावर बसली. माझ्या डागाच्या वरच्या कडेला तिनं अंगठा टेकवला आणि वीत ताणून करंगळी भिंतीवर वर टेकवली. मग तिथून आणखी चार बोटं मोजली.

"इथं नव्हता गं," ती म्हणाली. "इथं होता. उंच होता तो तुझ्याहून. मान लांब होती त्याची, माझ्या वडिलांसारखी. बसला तरी उठून दिसायचा."

ती एक संध्याकाळ सोडली तर पाच वर्षांत तिनं दादाबद्दल आपणहून काही सांगितलं ते हे पहिलं. आणि मग ती बोलतच राहिली. केस मधोमध भोवरा असलेले, कितीही तेल लावा, उभेच. हसताना आधी डावा डोळा बारीक व्हायचा. मी तिच्या मांडीशी बसून ऐकत होते आणि विसरलेला चेहरा एकेक तुकडा जोडत होते. मी सांगितलं तिला, मला तो आठवत नाही म्हणून. ती म्हणाली, "मला माहीत आहे." दारात अण्णा कुंचा घेऊन उभे होते, चुना टपटप त्यांच्या पायावर गळत होता. "उजव्या कानामागे तीळ होता," ते मध्येच म्हणाले. "डाव्या," आई म्हणाली. "उजव्या. मी न्हाऊ घालायचो त्याला शेवटी शेवटी." आईनं त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "असेल. उजव्या असेल."

आईनं त्यांच्या हातातून कुंचा घेतला आणि माझ्या डागावर फिरवायला सुरुवात केली. मी तिचा हात धरला. "राहू दे ना गं आई. तेवढा राहू दे."

"छे," ती म्हणाली, "तुझा कशाला ठेवायचा? तू आहेस की."

तेल वर येत होतं. ती वाळू द्यायची आणि पुन्हा हात मारायची, आणि मी गालिच्यावर बसून बघत होते. दुपारी जेवायला तिनं दडपे पोहे केले.